न लिहिलेला दुसरा भाग

पुन्हा मे महिना आला. येतो बापडा दरवर्षी, त्याला कोण अडवणार. पुण्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर पंखा नुसती गरम हवा ढवळत बसतो. दुपारी डोळा लागत नाही आणि जागं राहून काही होतही नाही. काल अशाच एका दुपारी माझ्या नातीनं एक जाडजूड पुस्तक कॉटवर आदळलं. चार दिवस पोरीला जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. मला वाटलं, संपलं एकदाचं. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "आजी, हा शुद्ध चावटपणा आहे! शेवटच्या पानापर्यंत कळतच नाही तिचा भाऊ कुठं गेला ते. पुढचा भाग म्हणे दोन वर्षांनी. पहिल्याच भागात असं लटकवून ठेवतं का कुणी? तू सांग."

"मला काय पुसतेस?" मी म्हटलं, आणि ती रडता रडता फिसकन हसली. साठ-बासष्ट वर्षं झाली मला पुण्यात येऊन. इथली मराठी मी शिकले, बोलते, भाजीवाल्याशी भांडतेसुद्धा. पण थकले की जिभेवर आमचीच येते, तंजावरकडची, तीनशे वर्षांपूर्वी बरोबर नेलेली आणि तिकडंच राहिलेली. इथल्यांना ती नाटकातली वाटते. वाटू दे. आता कुणाकुणाला सुधारत बसू.

नातीला मी झोप म्हणून सांगितलं. पण माझी झोप मात्र उडाली. या एका प्रश्नावर आमच्या घरात सहा उन्हाळे गेलेत, हे तिला कुठून ठाऊक असणार?

कुंभकोणमचा उन्हाळा तुम्ही पाहिला नसेल तर उन्हाळ्याबद्दल माझ्याशी बोलू नका. वैशाखात कावेरी नावापुरती उरायची. एवढी मोठी नदी, पण या तीरावरून त्या तीरावर माणसं वहाणा हातात घेऊन पळत जायची, वाळू इतकी पोळायची. बायका वाळूत हातभर खड्डा करून बसायच्या. पाणी झिरपायचं, ते वाटीवाटीनं कळशीत भरायचं. बाजारात विड्याच्या पानांच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या असत आणि त्या गोणपाटाचा थंड हिरवा वास आला की मी उगाच दोन पावलं तिथं रेंगाळायची. पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची टकटक सकाळपासून चालायची. ती बाराच्या सुमाराला थांबली की सगळं गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटे.

त्या वर्षी मी सोळाची होते. शाळेची शेवटची परीक्षा दिली होती आणि निकालाची वाट पाहत होते. पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. घरात आम्ही तिघंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत ड्रॉइंग मास्तर. तुळजाआत्या, त्यांची थोरली बहीण. आणि मी. आई मी तीन वर्षांची असताना गेली आणि वर्षभरानं आत्या आमच्याकडे आली ती कायमची. मला न्हाऊमाखू घातलं तिनं, वेणी घातली तिनं आणि पाठीत धपाटे घातले तेही तिनंच.

आत्या आमच्याकडे का आली, हे गावाला ठाऊक होतं. ती तिरुविसनल्लूरला दिली होती. वैशाखातल्या एका सकाळी आतोबा, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले, "स्वामीमलैला समई ओतायला दिलीय, बघून येतो." पानाचा डबा घेतला आणि गेले. परत आले नाहीत. दोन दिवसांनी माणूस धाडला, तर ओतारी म्हणाला, कुणी आलं नाही आणि समई बिमई कुणी ओतायला दिलेलीच नाही. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि छत्री तेवढी खुंटीला राहिली होती. एवढ्या उन्हात छत्री का ठेवून गेले? लगेच परतायचं होतं म्हणून की परतायचंच नव्हतं म्हणून? या छत्रीवर त्या घरात इतकं बोलणं झालं की शेवटी आत्यानं ती खुंटीवरून काढून भावाच्या घरी आणली.

ती कुंकू लावायची. मंगळसूत्र घालायची. शुक्रवारी केसांत मोगरा माळायची, पण गजरा एवढासाच. नवरात्रात शेजारणी तिला हळदीकुंकवाला बोलवत. नाही असं नाही. पण करंड्यातलं कुंकू तिच्या कपाळाला लावताना देणारीचा हात क्षणभर अडखळे. ते आत्याला दिसे. मला दिसे. घरी येऊन ती फक्त म्हणे, "गे, पाणी दे."

अण्णांनी त्या हिवाळ्यात एक तमिळ कादंबरी लिहायला घेतली होती. आम्ही घरात मराठी, उंबरठा ओलांडला की तमिळ. त्यामुळं अण्णांचं तमिळ शाळेत शिकलेलं, नीटनेटकं. लिहायचं सुचलं कसं म्हणून मी पुसलं तर म्हणाले, "तीस वर्षं मुलांकडून घडा आणि केळं काढून घेतोय. माणसाला कधीतरी दुसरं काहीतरी काढावंसं वाटतं." शाळेतून आले की तोंड धुऊन, मांडीवर फळी घेऊन ते दाराबाहेरच्या ओट्यावर बसत. त्या दिवसांत अण्णा चार घास जास्त जेवत होते आणि दाढी करताना गुणगुणत होते. एरवी आमचे अण्णा म्हणजे हातात रबर घेऊन जन्मलेले. लिहायचं आणि खोडायचं. या पुस्तकात मात्र खाडाखोड नव्हती.

गोष्ट रहस्याची होती. दारासुरमचा एक रेशमाचा व्यापारी, देवळातल्या दागिन्याची चोरी, आणि त्याच दिवशी नाहीसा झालेला एक मनुष्य. एका भागात मावणार नव्हती म्हणून आठ भाग करायचे ठरले. छापणार होते पिळ्ळै. त्यांचा छापखाना आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. पायानं चालवायचं यंत्र, रॉकेलचा आणि शाईचा वास, आणि मध्ये तपकिरीची डबी घेऊन बसलेले गोलमटोल पिळ्ळै. त्यांचं म्हणणं एकच. "मास्तर, पाहुण्याला पोटभर जेवू घातलंत की तो हात धुऊन घरी जातो. पानात एक पदार्थ बाकी ठेवा. चोर पकडा, चालेल. पण तो नाहीसा झालेला मनुष्य सापडता कामा नये. तो सापडला तर दुसरा भाग कोण घेईल, माझी बायको?"

अण्णांना ते पटलं. का पटू नये? धंद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचंच होतं. हस्तलिखिताची सुबक प्रत करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि निकाल लागेपर्यंत मला दुसरा उद्योग नव्हता. दुपारी जेवणं झाली की आत्या आधी तिची पोथी वाची, मग चिंच निवडायला बसे आणि मी तिच्याजवळ बसून प्रत करी. तिला तमिळ बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. मी करता करता तिला मराठीत सांगायची. पहिली दोन प्रकरणं तिनं अर्ध्या कानानं ऐकली. तिसऱ्यात तो मनुष्य घरातून निघतो.

"आणि छत्री तशीच खुंटीला राहिली," मी वाचलं.

आत्याचा हात चिंचेच्या ढिगात थांबला. "कुठल्या खुंटीला?"

"उजव्या हाताच्या."

"हं." ती पुन्हा चिंच निवडू लागली. "वाच पुढं."

अण्णांनी तिला न पुसता तिची छत्री उचलून गोष्टीत टांगली होती. आता मला त्याचा राग येतो, तेव्हा आला नाही. लिहिणाऱ्या माणसाला जवळचं दिसतं ते तो उचलतो. मुद्दाम दुखवायला नव्हे. दिसतं म्हणून, एवढंच. अण्णांच्या मनात पाप नव्हतं. पण मन पाहायला कुणी आत शिरत नाही, लिहिलेलं तेवढं समोर येतं.

चौथ्या-पाचव्या प्रकरणाच्या सुमाराला आत्या मला हळूच म्हणाली, "अण्णा उगाच नाही लिहीत गे. त्याला काहीतरी ठाऊक जाहलं आहे. तोंडानं सांगवत नाही म्हणोन लिहितो."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. आत्या, ही कल्पना आहे, अण्णांनी रचलेली आहे, यात खरं काही नाही. सोळा वर्षांची घोडी होते मी, तेवढी अक्कल होती मला. पण आत्या इतकी कान देऊन ऐकत होती की मला बोलवेना. तोवर घरात ती सगळ्यांसाठी काहीतरी करत आलेली. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी काही करतंय असं तिला वाटत होतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा शीण अजून गेला नाही.

त्याच आठवड्यात तिरुविसनल्लूरहून तिच्या दिराचं पत्र आलं. बारा वर्षं पुरी होत आली होती. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग त्याचं पुढचं सगळं करायचं, अशी रीत आहे. दीर गोविंदराव काही वाईट नव्हते. दमलेले होते. त्यांनी लिहिलं होतं, दादाचं श्राद्ध करावं तर तो गेला म्हणवत नाही, न करावं तर पितर उपाशी राहतात, मुलीची सोयरीक जमवायला बसलं की लोक पहिल्यांदा तेच पुसतात. या वैशाखात विधी करून टाकू, वहिनींनी हो म्हणावं. हो म्हटलं की काय, ते पत्रात नव्हतं. कुंकू, मोगरा, मंगळसूत्र, सगळंच त्या पानांबरोबर जळणार होतं.

पत्र अण्णांच्या नावानं आलेलं, ते मीच आत्याला वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "अण्णाचं पुस्तक संपू दे. मग सांगते."

मला शेवटचं प्रकरण ठाऊक होतं. पिळ्ळैंना हवं तसं होतं ते. चोर सापडतो, दागिना सापडतो, आणि नाहीसा झालेला मनुष्य नाहीसाच राहतो. ते प्रकरण मी दोन दिवस पुढं ढकललं. अक्षर बिघडलं, शाई वाळली, डोकं दुखतंय. शेवटी वाचलं.

"पुढं?" आत्यानं पुसलं.

"संपलं."

"असं कसं संपलं? इथं पोथी बांधतात का?"

आमच्याकडे पोथी वाचायची एक शिस्त होती. कथेत मरण आलं, वनवास आला, कुणी हरवलं, तर त्या ठिकाणी त्या दिवसाचं वाचन थांबवायचं नाही. घसा सुकला तरी चालेल, चूल विझली तरी चालेल, पुढं काहीतरी चांगलं घडेपर्यंत वाचत राहायचं आणि मगच पोथी रुमालात बांधायची. ऐकणाऱ्याला वाईट जागी सोडून उठायचं नाही. पिळ्ळैंचा धंदा नेमका त्याच्या उलटा होता. वाईट जागी सोडूनच उठायचं. आज इतक्या वर्षांनी मला दोघांचंही पटतं, हीच तर कटकट आहे. सगळं निस्तरून दिलं की पुस्तक मिटतं आणि विसरलं जातं. काही राखून ठेवलं तर ते माणसाबरोबर चालत राहतं, चुलीपाशी, विहिरीवर. पण राखून ठेवणाऱ्याच्या मुठीत काहीतरी असावं ना? रिकामी मूठ झाकून दाखवायची आणि ओळखा पाहू म्हणायचं, ही लबाडी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ओट्यावर दाढी करत होते. आत्या कॉफी घेऊन गेली. मी दाराच्या आत होते.

"अण्णा, तुला ठाऊक आहे का रे?"

"काय?"

"तो कुठं गेला ते."

अण्णांचा वस्तरा गालावरच थांबला. "कोण? गोष्टीतला?"

"गोष्टीतलाच."

"आहे की. दुसऱ्या भागात सांगणार आहे," अण्णा हसून म्हणाले. सगळ्या गावाला ते तेच सांगत होते, तसंच तिला सांगितलं.

चार दिवसांनी गोविंदराव स्वतः आले. घामानं निथळत होते. ताकाचे दोन पेले प्याले आणि मान खाली घालून बसले. आत्या रिवाजाप्रमाणे दाराआड उभी राहिली. ती मला म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "भावोजींना सांग, गोष्ट अजून संपली नाही. दुसरा भाग येऊ दे. त्यात काय निघतं ते पाहून मी हो-नाही सांगेन."

"कुठली गोष्ट, वहिनी?" गोविंदराव गोंधळून अण्णांकडे पाहू लागले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी तिथून उठून मागच्या अंगणात गेले. त्या क्षणापर्यंत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हुशार माणूस, आठ भागांचा आराखडा भिंतीला चिकटवून बसलेला, आणि घरातलं एवढं दिसू नये!

विधी त्या वैशाखात झाला नाही. माझा निकाल लागला, मी पास झाले, पेढ्यांऐवजी आत्यानं पुरणपोळी केली. पावसाळ्याच्या तोंडाशी पुस्तक छापून आलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, भाग एक. ते दोन शब्द पाहून पिळ्ळै खूश आणि अण्णांचं तोंड कडू. पुस्तक चाललं हो! मायावरम, तिरुची, पार मद्रासहून पोस्टकार्डं येऊ लागली. तो मनुष्य कुठं गेला? मेला की आहे? एकानं लिहिलं होतं, माझ्या म्हातारीनं अंथरूण धरलंय, तिला तेवढं कळवा. पिळ्ळै रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत. "मास्तर, लोखंड तापलंय." अण्णा म्हणत, "सुचत नाही." पिळ्ळै म्हणत, "सुचायला काय लागतं? त्याला कोलंबोला पाठवा!" अण्णा हसत नसत.

एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. भिंतीवरचा आराखडा अण्णांनी काढून टाकला. ओट्यावर बसत, पण मांडीवर फळी नसे. पुन्हा मुलांचे घडे आणि केळी तपासणं सुरू झालं. जेवण पूर्वीइतकंच कमी झालं. गोविंदराव दर वैशाखात येत, ताक पीत, आणि दाराआडून तेच ऐकून परत जात. दुसरा भाग येऊ दे. तिसऱ्या खेपेला मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. ते म्हणाले, "बाळ, तुझ्या अण्णाला म्हणावं, एकदाचं काय ते लिही. कसंही लिही. माझ्याच्यानं होत नाही आता."

त्या संध्याकाळी मी अण्णांशी भांडले. आळशी म्हणाले त्यांना. भित्रे म्हणाले. सगळ्यांचं भिजत घोंगडं ठेवून तुम्ही मजेत बसलाय, असंसुद्धा म्हणाले. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीची जीभ, तिला काय हाड.

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "लिहिलं तर त्याला कुठंतरी पोचवावं लागेल. जिवंत दाखवला तर ती त्या गावाला जायला निघेल. गाठोडं बांधून निघेल, तू ओळखतेस तिला. मेलेला दाखवला तर कुंकू पुसेल. आणि मला दोन्हीतलं काहीएक ठाऊक नाही. लिहिताना नव्हतं, आजही नाही. नाही लिहिलं तर निदान मोगरा तरी माळते ती."

मग म्हणाले, "मला लिहावंसं वाटत नाही, असं समजू नकोस हो." एवढंच. मी तिथं बसून रडले. त्यांना लिहावंसं किती वाटत होतं ते मी त्यांची प्रत करताना पाहिलं होतं. आयुष्यात एकदाच या माणसाला रबर लागलं नव्हतं, आणि तेच त्यांनी बहिणीसाठी बंद करून ठेवलं. बहिणीला हे कधी कळलं का? मला नाही वाटत. ती रागानंच म्हणायची, "अण्णा भारी सुस्त."

नातीला हे सांगितलं तर ती म्हणेल, आजी, पण वाचकांचं काय? खरंच, त्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं काय झालं असेल? तिला कुणी काही कळवलं नाही. अण्णांनी एका वाचकासाठी बाकी सगळ्यांना टांगून ठेवलं. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. बरोबर-चूक ठरवायची ताकद आता माझ्यात नाही. मला एवढंच दिसतं की पहिल्या भागात गाठ मारून ठेवणं सोपं असतं. ती कुणाच्या गळ्याला बसेल, हे मारणाऱ्याला दिसत नाही.

पुस्तक आल्याला पाच वर्षं होऊन गेली होती, त्या मार्गशीर्षात अण्णा गेले. वर्गात फळ्यावर काहीतरी काढता काढता खुर्चीत बसले आणि संपले. वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकावं म्हणून दारासुरमच्या चुलत काकांनी धावपळ केली आणि वैशाखात माझं लग्न झालं, पुण्याच्या मुलाशी. लग्नात आत्या सगळीकडे पुढं होती. हळद तिनं लावली, ओवाळलं तिनं, झोपाळ्यावर आम्हां दोघांना बसवून दूध-केळं तिनं भरवलं. केसांत या वेळी गजरा चांगला हातभर लांब. कुणाचा हात अडखळला नाही की कुणी तोंड वाकडं केलं नाही. मला वाटलं, माझ्या लग्नाचा खरा आनंद तिलाच झालाय.

मांडव उतरला. पाहुणे गेले. पाच दिवसांनी मी पुण्याला निघणार होते. जेवणं झाल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसली. चिंच नव्हती, पोथी नव्हती, रिकामे हात मांडीवर.

"दुसरा भाग तू लिही," ती म्हणाली.

"मी?"

"अण्णा गेला. तू चाललीस. आणखी कोण लिहिणार? मराठीतच लिही, माझ्यापुरता."

"काय लिहू, आत्या?"

ती मग म्हणाली, "त्याला मरू दे. थकले गे मी. अठरा वर्षं दाराकडं कान ठेवून निजले. तुझं लग्न कुंकवानिशी करायचं होतं, ते जाहलं. आता संपव."

मी नाही म्हणायला हवं होतं का? कुणास ठाऊक. मी कागद घेऊन माळ्यावर गेले. तिथं इतकं तापलं होतं की कागदाला हात चिकटत होता. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पहिल्यांदा फार रडकं झालं. दुसऱ्यांदा त्याला खूप काही बोलायला लावलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी मोठमोठी वाक्यं, लाज वाटली मला. चौथ्यांदा एक पान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या आधी, मी ते तिला वाचून दाखवलं. एक मनुष्य फार लांबच्या गावी एका देवळाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला राहिला होता. कुणाशी फारसं बोलायचा नाही. एकदा त्याला ताप आला. चार दिवस अंगात होता. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला. त्या लोकांनी त्याचं सगळं नीट केलं.

आत्यानं ऐकून घेतलं. "माझं नाव घेतलं त्यानं?"

"घेतलं," मी म्हटलं.

"वाचताना नाही आलं ते. कागदावर आहे?"

मी मान हलवली. नव्हतं.

"बरं केलंस, नाही लिहिलंस. ते कधी घेत नसत." मग म्हणाली, "पाणी कुणी दिलं शेवटी?"

"शेजारच्या घरातली एक बाई होती. ती येऊन देत असे. ते लिहिलंय, आत्या. हे बघ, इथं आहे, वाचताना सुटलं माझ्याकडून."

"बरं," ती म्हणाली. "गोविंदरावांना पत्र टाक. विधी करा म्हणावं."

ती उठली. मागच्या अंगणात गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी विहिरीच्या कडेला दगडावर बसली. मरणाची बातमी कानावर आली की आमच्यात अंगावरच्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. मी धावत गेले. तिनं वर न पाहता पोहऱ्याकडं हात केला. वैशाखात विहीर तळाला गेलेली, दोर संपेपर्यंत सोडला तरी पोहरा अर्धाच भरून वर यायचा. मी ओढायची, तिच्या डोक्यावर ओतायची, आणि पुन्हा सोडायची. तिच्या कपाळावरून लाल ओघळ नाकावर, हनुवटीवर आला आणि दगडावर पसरला. तो जाऊन पाणी स्वच्छ वाहायला लागलं तरी ती उठेना. ती पुरे म्हणाली तेव्हा माझे दोन्ही तळहात सोलून निघाले होते.